चाच्यांच्या जहाजावर काय काय लपलंय? शोधचित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलांसाठी शोधचित्रं काढते, म्हणजे लपलेल्या वस्तू शोधायची चित्रकोडी. त्यातली निम्म्याहून जास्त समुद्री चाच्यांची असतात, कारण मुलं तीच मागतात. वाचनालयात, उन्हाळी शिबिरात, कुणाच्या वाढदिवसाला ही चित्रं मांडली की आई-बाबा, आजी-आजोबा आणि शिक्षक काही प्रश्न हमखास विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

शोधचित्र म्हणजे नेमकं काय?

एक गजबजलेलं चित्र आणि त्याच्या कडेला वस्तूंची यादी, एवढंच. पण लपवण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. पसाऱ्याच्या चित्रात वस्तू जशीच्या तशी असते, फक्त ढिगात हरवलेली: खजिन्याच्या पेटाऱ्यात शंभर चीजवस्तू आणि त्यातच एक वाळूचं घड्याळ. गर्दीच्या चित्रात जहाजभर खलाशी असतात आणि त्यातला एकच, डाव्या हातात कंदील धरलेला, ओळखायचा असतो. तिसरी तऱ्हा माझी सगळ्यात आवडती. तिच्यात वस्तू वेषांतर करून बसलेली असते. कठड्याच्या गजांमध्ये कंगवा, दोराच्या वेटोळ्यात गोगलगाय, शिडाच्या घडीत मासा. ही चित्रं बहुधा काळ्या रेघांची असतात, कारण रंग भरला की गुपित फुटतं.

चाचेच का? परी, प्राणी, अवकाश का नाही?

तेही चालतं. पण चित्रकाराच्या सोयीचं म्हणाल तर चाच्यांच्या जहाजाला तोड नाही. एकाच जागी डोलकाठ्या, परबाणं म्हणजे शिडं टांगायचे आडवे वासे, शिडं, दोर, जाळ्या, शिड्या, पिंपं, तोफा, कंदील, दुर्बीण, होकायंत्र, नकाशे आणि वर पोपट. उभ्या रेघा, आडव्या रेघा, वेटोळी, गोळे, त्रिकोण, सगळे आकार आयते मिळतात, म्हणून घरातली कुठलीही वस्तू तिथे खपून जाते. मुलांच्या बाजूनं पाहिलं तर शोधणं हेच चाच्याचं काम. त्यामुळे त्यांना खेळात वेगळं शिरावं लागत नाही, ती आधीच शिरलेली असतात.

मुलगा विचारतो, "चाचे म्हणजे काका ना?" काय सांगू?

मुंबई-ठाण्याकडे हा प्रश्न दर शिबिरात येतो, कारण मुलांच्या कानावर हिंदीतले 'चाचा' आधी पडलेले असतात. मराठीत चाचा म्हणजे समुद्रावर जहाजं लुटणारा. जुन्या पुस्तकांत तो 'चांचा' असा अनुस्वारासह दिसतो, आणि त्याच्या धंद्याला 'चाचेगिरी' म्हणतात. मी मुलांना दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवते. 'पायरेट' म्हणायला हरकत नाही, पण 'चाचे' हा शब्द एकदा तोंडात बसला की मुलं तो सोडत नाहीत.

कान्होजी आंग्रे चाचे होते का? इंग्रजी पुस्तकांत तसं वाचलंय.

नाही. याचं उत्तर मुलांना मिळालंच पाहिजे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा दंडक होता, आणि दस्तक नसलेलं जहाज ते पकडत. पोर्तुगीजही आपल्या परवान्यांची अशीच सक्ती करत होते. ईस्ट इंडिया कंपनीला कान्होजींचा हा हक्क मान्य नव्हता, म्हणून तिच्या कागदपत्रांत ते 'चाचे' झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. कान्होजी १७२९ मध्ये वारले, त्यांची समाधी अलिबागला आहे. आज भारतीय नौदलाच्या मुंबईतल्या तळाचं नाव 'आयएनएस आंग्रे' आहे आणि खांदेरी बेटावरच्या दीपगृहालाही त्यांचंच नाव आहे.

म्हणून मी कवटीच्या झेंड्याच्या चित्रात मराठी आरमार कधीच घालत नाही. त्याचं वेगळं चित्र काढते: दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा मिरवणारी गुराबं, त्यांच्यापेक्षा लहान, चपळ आणि वल्ह्यांवरही पळणारी गलबतं, मागे विजयदुर्गाची तटबंदी. त्यातही वस्तू लपतात आणि मुलं तितक्याच हौसेनं शोधतात.

पण खरे चाचे क्रूर होते. आपण मुलांना लुटारूंचं कौतुक शिकवत नाही का?

प्रश्न रास्त आहे. चाचे क्रूरच होते. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं मक्केच्या यात्रेहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटलं. जहाजावरच्या यात्रेकरूंचे, बायाबापड्यांचे अतोनात हाल केले. त्यापायी बादशहानं सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत टाकलं. चाचे आजही आहेत. एडनच्या आखातात आपल्या नौदलाची जहाजं २००८ पासून त्यांच्याविरुद्ध गस्त घालतात.

चार वर्षांच्या मुलाला हे सांगायची गरज नाही. त्याच्यासाठी चाचा म्हणजे तिरकी टोपी घातलेला विदूषकच. पण आठ-नऊ वर्षांचं मूल "हे चांगले होते की वाईट?" असं विचारतंच. तेव्हा सरळ सांगावं की हे चोर होते आणि पकडले गेले की फासावर जात. मुलांना ते पेलतं. माझ्या चित्रांत रक्त नसतं, कुणाच्या छातीवर रोखलेलं पिस्तूल नसतं आणि पिंपांवर दारूचं नाव नसतं. कवटी असते, पण तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी काढताना मी तीही काढून तिथे पोपट बसवते.

कोणत्या वयाला किती वस्तू?

तीन-चार वर्षांना पाच-सहा मोठ्या, ओळखीच्या वस्तू. यादी अक्षरांत नको, चित्रांत हवी. पाच ते सात वर्षांना आठ-दहा. आठच्या पुढे पंधरा-वीस, आणि यादी शब्दांत. अकरा-बाराव्या वर्षी यादीऐवजी कोडी घालावीत: "डोळा एकच, पण दूरचं दिसतं" म्हणजे दुर्बीण. वयापेक्षा सवयीकडे पाहा. मी सहा वर्षांच्या मुलीनं मोठ्यांचं चित्र घरातल्या सगळ्यांच्या आधी संपवलेलं पाहिलंय.

वस्तू डोळ्यासमोर असते, तरी दिसत का नाही?

मला याच प्रश्नावर बोलायला सगळ्यात जास्त आवडतं.

हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. डोळ्याला एका वेळी बारीक तपशील दिसतो तो साधारण त्या नखाएवढ्याच जागेत. बाकीचं चित्र दिसतं, पण अंधुक. म्हणून नजर सेकंदाला तीनेक उड्या मारत फिरते आणि आपल्याला मात्र वाटतं, सगळं पाहून झालं. निळ्या समुद्रावर एकच लाल पोपट असेल तर तो शोधावा लागत नाही, तोच नजरेत भरतो. पण आजूबाजूला लाल झेंडे आणि हिरवे पोपट पसरले की लाल पोपट हरवतो. आता 'लाल' आणि 'पोपट' या दोन्ही खुणा जुळतात का हे एकेक ठिकाणी जाऊन तपासावं लागतं. ॲन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गॅरी जेलेड यांच्यासोबत १९८० मध्ये हा फरक मांडला. आम्ही चित्रकार तो रोज वापरतो. अवघड करायचं असेल तर वस्तू लहान करू नका, तिच्याशी अर्धी जुळणारी सोंगं आजूबाजूला पेरा.

आणखी एक कारण आहे. ते मला एका गावच्या शाळेत कळलं. यादीत 'नांगर' होता आणि चित्रात तो अगदी पुढ्यात, जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लोंबत होता. लपवलेलाही नव्हता, सोपी वस्तू म्हणून टाकलेला. तिसरीतल्या एका मुलानं बाकीच्या अकरा वस्तू शोधल्या आणि नांगरापाशी अडून बसला. त्याचं बोट दोनदा त्या लोखंडी आकड्यावरून गेलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बाई, जहाजावर शेत कुठंय?" तो बैलांचा नांगर शोधत होता. मनात जो आकार धरलेला असतो, नजर तोच वेचते. समुद्रातला नांगर कसा दिसतो ते मी फळ्यावर काढलं, आणि माझा खडू खाली यायच्या आत त्याचं बोट बरोबर जागेवर होतं. त्या दिवसापासून यादी वाचताना मी प्रत्येक वस्तू कशी असते ते आधी मुलांकडूनच वदवून घेते.

शोधायची काही पद्धत आहे का?

त्याच शाळेतल्या मुलांनी मला सुचवलेला शब्द वापरते: तास धरायचा. तास म्हणजे नांगराची ओळ. शेत नांगरताना जसं एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जाऊन वळायचं, तशी नजर डावीकडून उजवीकडे आणि परत. चित्राच्या मध्यावर मुलं आपसूक पाहतात, म्हणून चित्रकार खरा ऐवज कडेला ठेवतो. कोपरे आधी पाहावेत. अडलं तर चित्र उलटं धरावं. जहाज उलटं झालं की ते जहाज राहत नाही, नुसत्या रेघा राहतात, आणि त्यात लपलेला चमचा एकदम वर येतो. मोठ्या चित्रावर दोन वह्या ठेवून एकच पट्टी उघडी ठेवणं हा लहान मुलांसाठी चांगला उपाय आहे.

मूल दोन मिनिटांत "सांग ना" म्हणतं. सांगावं का?

बोट ठेवून दाखवू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती. उत्तर दाखवलं की त्या वस्तूपुरता खेळ संपला, ती परत लपत नाही. त्याऐवजी जागा हळूहळू आवळत न्या. "पाण्यात नाही." "मोठ्या शिडाच्या खाली बघ." "पिंपापाशी काहीतरी गडबड आहे हं." तरीही नाही सापडलं तर चित्र भिंतीवर लावून ठेवा. जेवता जेवता, दात घासता घासता मूल अचानक ओरडतं. असा शोध दोन दिवसांनी लागला तर तो पाच मिनिटांत लागलेल्यापेक्षा गोड असतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

आणि घड्याळ लावू नका. स्पर्धेत एक मूल जिंकतं आणि बाकीची पुढच्या वेळी कागद हातात घेत नाहीत.

यानं बुद्धी वाढते का? एकाग्रता?

कोडी सोडवून बुद्ध्यांक वाढतो, असं मी कुणालाही सांगणार नाही. शोधचित्रं सोडवणारं मूल शोधचित्रांत तरबेज होतं, हे नक्की. त्याखेरीज दोन गोष्टी मला समोर दिसतात: मुलं एका जागी बसून एका कागदाकडे बराच वेळ पाहतात, आणि त्यांना वस्तूंची नावं मिळतात. सुकाणू, वल्हं, पिंप, कंदील, बिजागरी, कडी-कोयंडा हे शब्द घरात आता फारसे उच्चारले जात नाहीत. शोधायचं असेल तर नाव लागतंच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मूल कागद फार जवळ धरत असेल, मान वाकडी करत असेल किंवा एक डोळा मिटून पाहत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आजी-आजोबांना सोबत घेता येईल का? ते लांब राहतात.

घेता येईल, आणि लांब राहणाऱ्यांसाठी तर हा खेळ उत्तमच. चित्र नातवाकडे न्यू जर्सीत, यादी आजीकडे साताऱ्यात, मध्ये व्हिडिओ कॉल. आजी यादीतलं नाव सांगते, नातू शोधतो आणि कुठे सापडलं ते मराठीत सांगतो: "डोलकाठीच्या मागे, पोपटाच्या शेपटीखाली." मागे, खाली, शेजारी, मधोमध, पलीकडे हे शब्द परदेशात वाढणाऱ्या मुलांना अवघड जातात. इथे ते वापरल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही. आजीला बारीक दिसत नसेल तरी अडत नाही, तिचं काम फर्मावण्याचं आहे. घरात एकत्र खेळताना कागद ए-थ्री आकाराचा घ्या आणि जमिनीवर पसरा, म्हणजे चार डोकी त्यावर मावतात.

कागद बरा की मोबाइल?

कागद. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, आणि त्याहून लहानांना पडदा नकोच. पण माझं कारण वेगळं आहे. छोट्या पडद्यावर अख्खं जहाज एका वेळी दिसत नाही, आणि दुसरं डोकं त्यात मावत नाही. माझी भाची एका फुकट ॲपवर असाच खेळ खेळत होती. तीन वस्तू सापडल्या, चौथीला अडली, तर पडद्यावर दिव्याचं चिन्ह चमकायला लागलं. दाबलं की जाहिरात, जाहिरातीनंतर उत्तर. पंधरा मिनिटांत तिनं स्वतः शोधलेल्या वस्तू पाच होत्या आणि पाहिलेल्या जाहिराती सात. टॅबवरच खेळायचं असेल तर विकत घेतलेलं, जाहिराती नसलेलं ॲप घ्या, मदतीचं बटण बंद करा आणि शेजारी बसा.

घरी छापताना काय पाहावं?

रेघांचं चित्र काळ्या-पांढऱ्यात छान येतं, रंगीत शाई वाया घालवू नका. रंगीत चित्र काळ्या-पांढऱ्यात छापू नका. लाल आणि हिरवा तिथे एकाच राखाडी रंगाचे होतात आणि कोडं सुटणारं राहत नाही. झेरॉक्सची परत झेरॉक्स काढली की बारीक रेघा तुटतात, म्हणून छापताना मूळ फाइलच द्या, ३०० डीपीआयची. लॅमिनेशन करून व्हाइटबोर्डच्या मार्करनं गोल केले की फडक्यानं पुसून तोच कागद पुढच्या मुलाला देता येतो.

माझ्या मुलाला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही.

मुलग्यांमध्ये हे मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं, त्यामुळे वर्गात एखादा तरी असतोच असं धरून चालावं. त्याला काळ्या रेघांची वेषांतराची चित्रं द्या, तिथे तो सगळ्यांच्या बरोबरीला असतो. यादीत 'लाल मणी' असं लिहू नका, 'तुटलेल्या माळेतला मणी' असं लिहा.

चित्रातलं खरं किती? नकाशावरची फुली, डोळ्यावरची पट्टी, कवटीचा झेंडा?

कवटीचा झेंडा खरा. १७०० साली एका इंग्रज युद्धनौकेच्या कप्तानानं इमॅन्युएल वीन या फ्रेंच चाच्याच्या झेंड्याचं वर्णन नोंदवलं. काळं कापड, त्यावर कवटी, दोन हाडं आणि एक वाळूचं घड्याळ. घड्याळाचा अर्थ, तुमची वेळ भरत आली. माझ्या प्रत्येक चाच्यांच्या चित्रात वाळूचं घड्याळ कुठेतरी असतंच, ते या झेंड्याच्या आठवणीनं.

फुलीचा नकाशा मात्र कथेतला. तो घरोघरी पोचला १८८३ च्या 'ट्रेझर आयलंड' या स्टीव्हन्सनच्या कादंबरीमुळे. चाचे लूट पुरत नसत, वाटून घेत आणि उडवत. अपवाद कप्तान किड. त्यानं १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर थोडा ऐवज खरंच पुरला, पण तो लगेच उकरून पुरावा म्हणून लंडनला पाठवला गेला आणि १७०१ मध्ये किड फासावर गेला. ज्या जहाजाच्या लुटीपायी तो अडकला ते त्यानं आपल्याच मलबार किनाऱ्याजवळ पकडलं होतं. डोळ्यावरची पट्टी आणि फळीवरून चालायला लावणं हीदेखील कथा-चित्रपटांची देणगी. एक बारकावा मात्र मुलांना भलताच आवडतो. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजाच्या नियमांत लिहिलं होतं की रात्री आठला दिवे मालवायचे. घरी सांगून बघा.

खरं चाच्यांचं जहाज कधी सापडलंय का?

हो, आणि ती गोष्ट म्हणजे शोधचित्रच आहे.

'ब्लॅकबिअर्ड' म्हणून ओळखला जाणारा एडवर्ड टीच १७१८ मध्ये मारला गेला. त्याच वर्षी त्याचं 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' हे जहाज अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्यावर वाळूत रुतलं होतं. ते सापडलं १९९६ मध्ये. समुद्रात इतकी वर्षं पडलेल्या लोखंडावर गंज, वाळू आणि शिंपले चिकटून त्याचे दगडासारखे गोळे होतात. बाहेरून पाहिलं तर नुसता धोंडा. संशोधक तो धोंडा एक्स-रेखाली धरतात आणि आत काय लपलंय ते पाहतात: खिळा, साखळी, तोफगोळा. मग महिनोन्‌महिने कोरून ती वस्तू बाहेर काढतात. एका तोफेच्या पोटातल्या चिखलात त्यांना कागदाचे १६ कपटे मिळाले. सगळ्यात मोठा कपटा जेमतेम नाण्याएवढा. त्यावर थोडेच शब्द वाचता येत होते, त्यात एका गावाचं नाव होतं. त्या नावाचा माग काढत ते १७१२ साली छापलेल्या एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकापर्यंत पोचले आणि २०१८ मध्ये तसं जाहीर केलं. पाण्यात तीनशे वर्षं राहिलेला कागद!

दुसरं जहाज 'व्हिडा'. सॅम बेलामी या चाच्याचं हे जहाज १७१७ मध्ये अमेरिकेतल्या केप कॉडजवळ वादळात बुडालं आणि १९८४ मध्ये सापडलं. हे तेच कशावरून, अशी शंका घेणारेही होते. पुढच्या वर्षी जहाजाची घंटा मिळाली, आणि तिच्यावर जहाजाचं नाव आणि १७१६ हे साल कोरलेलं होतं. मोठ्या मुलांना हेही सांगा की ही दोन्ही जहाजं चाच्यांच्या हाती लागण्याआधी गुलामांची ने-आण करत होती.

असं चित्र पहिल्यांदा कुणी काढलं?

पहिलं कोण ते सोडा, पण एक जुनं चित्र जरूर पाहा. पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराचं १५६० सालचं 'मुलांचे खेळ' हे चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात दोनशेहून जास्त मुलं ऐंशीच्या आसपास खेळ खेळताहेत. आंधळी कोशिंबीर सापडते, चाकं पळवणारी पोरं सापडतात, आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात दोघीजणी हाडांच्या तुकड्यांनी आपल्या सागरगोट्यांसारखा डाव मांडून बसल्यात. यादी नसली तरी मुलं शोधत बसतात. अशा खच्चून भरलेल्या चित्रांना जर्मनमध्ये 'विमेलबिल्ड' असा खास शब्द आहे. वस्तू लपवलेली चित्रं अमेरिकेतल्या 'हायलाइट्स' या बालमासिकात १९४६ पासून येत आहेत.

वाढदिवसाला खजिन्याचा शोध ठेवायचाय. चित्रं कशी वापरू?

यादी देऊ नका, दोनच वस्तू लपवा, आणि सापडलेल्या वस्तूंची पहिली अक्षरं जोडायला सांगा. तलवार आणि वाटी सापडली तर 'तवा'. मग मुलं स्वयंपाकघरात धावतात, तव्याखाली पुढचं चित्र. मोती आणि रीळ मिळालं तर 'मोरी'. उखळ आणि शीड म्हणजे 'उशी'. मासा आणि ठसा म्हणजे 'माठ'. आपल्या लिपीत अक्षरासोबत काना-मात्राही येतो, म्हणून दोन वस्तूंत अख्खी जागा सांगून होते. फक्त ज्या शब्दात 'ळ' किंवा 'ण' आहे तो टाळा, या अक्षरांनी सुरू होणारी वस्तू मिळणार नाही. पाच-सहा जागा पुरेत. शेवटी पेटाऱ्यात सोन्याच्या वेष्टनातली चॉकलेटं आणि प्रत्येकासाठी सारखा वाटा.

घरच्या घरी काढता येईल का? मला चित्रकला येत नाही.

येईल. जहाज पेन्सिलीनं फिकं काढा, चुकलं तरी बेहत्तर. मग आकारांची जोडी लावा: कुठली वस्तू जहाजाच्या कुठल्या भागासारखी दिसते? गेल्या दिवाळीत आम्ही घरी फराळाचं जहाज काढलं. गुंडाळलेल्या दोराच्या जागी चकली. मालाच्या जाळीला तिरके चौकोन होतेच, त्यातला एक शंकरपाळा. तोफगोळ्यांच्या राशीत लाडू, त्याला फक्त एक बेदाणा काढला. करंजी चंद्रकोरीत बसवली, आणि तिची मुरड ढगाच्या कडेला जुळवून घेतली. पिंपाच्या झाकणावर अनारसा, खसखशीचे ठिपके म्हणजे लाकडाचे डाग. शेवटी सगळ्या रेघा एकाच जाडीच्या पेनानं गिरवा, हे महत्त्वाचं. वस्तूची रेघ जरा जाड आली की मूल लांबूनच ओळखतं. माझ्या आईनं करंजी सगळ्यात आधी शोधली आणि मुरड बरोबर जमली नाही म्हणून सांगितलं.

एक वस्तू सापडतच नाही. चित्रातच नसेल का?

असं होतं, आणि दोष चित्रकाराचा असतो. एकदा मी यादीत बारा वस्तू लिहिल्या आणि चित्रात अकराच काढल्या. किल्ली राहून गेली होती. चाळीस मुलं तासभर किल्ली शोधत होती आणि मी त्यांना "नीट बघा" म्हणत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून चित्र बाहेर देण्याआधी घरातलं कुणीतरी यादीवरून ते पूर्ण सोडवतं. तुम्हीही तसंच करा.

मुलानं यादीत नसलेली वस्तू शोधली तर ती धरायची का?

धरायची. त्याला ती दाखवता आली पाहिजे, एवढीच अट. एका शिबिरात पाच वर्षांची एक मुलगी मधल्या शिडावर बोट ठेवून "हत्ती" म्हणाली. मी हत्ती काढलाच नव्हता. तिनं बोट फिरवून दाखवलं: ही घडी म्हणजे सोंड, हा फुगवटा म्हणजे कान, आणि दोर जिथे बांधलाय तिथे पाय. खरोखरच हत्ती होता. मी पेन काढून त्याला बारीकसा डोळा दिला. पुढच्या छपाईत यादीच्या शेवटी तेरावी वस्तू आली: हत्ती.